मोल्दिरची वहिनी

"तुम्ही तिच्या कोण?" नर्सनं विचारलं, आणि तोरगिनच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी."

निघून गेलं ते गेलंच. अतिदक्षता विभागात फक्त आईबापांना सोडतात, वहिन्या-भावजयांनी खाली थांबायचं, असं नर्सनं काचेमागूनच सांगितलं आणि तोरगिनच्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, "आणि तुम्ही?" मागं तिच्या सासूबाई उभ्या होत्या, कुल्याशबाई. डोक्याला पांढरा रुमाल, हातात थर्मास. "मी आई," त्या म्हणाल्या. आवाजात कसली खळखळ नाही, काही नाही. त्यांना निळा गाऊन मिळाला, बुटांवर चढवायला प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या, दार उघडलं आणि लागलंही. तोरगिन आपली तिथंच, एका हातात स्वतःच्या पिशव्या धरून. पायात चढवायला म्हणून तिनं त्या खालूनच विकत घेतल्या होत्या.

आता बोंबला, असं ती स्वतःलाच म्हणाली आणि जिन्यानं खाली येऊन बाकावर बसली. खिडकीबाहेर अल्माटीचं हिवाळ्यातलं मळकट धुकं होतं, डोंगर आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. परत वर जाऊन सांगता आलं असतं, बाई, चुकलं, मीच आई, मी जन्म दिलाय तिला. पण मग त्या काचेसमोर म्हातारी खोटी पडली असती. आणि ती खोटी कुठं होती? मोल्दिर तिला आई म्हणायची. मोल्दिर तोरगिनला वहिनी म्हणायची. स्वतःच्या बापाला, दौरेनला, दादा म्हणायची. एकोणीस वर्षं घरात हेच चाललेलं, कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. तोंडाला सवय लागली की तोंड विचारायला थांबत नाही, तसं झालं. पण म्हणून आजही? पोरगी वर नळ्या लावून पडलीय, आणि आजही वहिनी? तोरगिनला स्वतःच्या जिभेची शिसारी आली. तिनं दातांखाली जीभ धरून बघितली, दुखेपर्यंत.

दौरेनच्या घराण्यात पहिलं नातवंड आजीआजोबांचं. लग्नाआधीही तिला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि अंगावर येणं यात मात्र फरक असतो. मोल्दिरचं दूध तुटलं तशा कुल्याशबाई केगेनपलीकडच्या गावाहून आल्या, सोबत घोड्याचं मांस, खारट कुरूतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी, आणि चारपाच बायका. जेवणं झाली. चहावर चहा झाला. बोलता बोलता सासूबाई म्हणाल्या, "आता लेकरू आमच्याकडे." विचारलं नाही, सांगितलंही नाही, उद्या पाऊस येईल म्हणावं तसं म्हणाल्या. मग बायकांनी बाळाला उचललं, सासूबाईंच्या ढगळ झग्याच्या गळ्यातून आत सोडलं आणि खाली घेरातून बाहेर काढलं. रडतं, लालबुंद, केस विस्कटलेलं. "झाली गं बाई बाळंत!" एकजण ओरडली आणि सगळ्या खो खो हसल्या. "या वयात सुटका झाली हो!" दुसरी म्हणाली. तोरगिनही हसली. हसत हसत ती सगळ्यांच्या वाट्यांत चहा ओतत होती, आणि आटलं म्हणता म्हणता दूध परत वाहून तिच्या ब्लाउजला डाग पडत होता. कुणी बघू नये म्हणून तिनं चहाची किटली छातीशी धरली. किटली गरम होती.

चोरी म्हणावी तर कुणी काही चोरलं नव्हतं. मान दिला होता तिला. पहिलं लेकरू मागून नेलं, म्हणजे सून आवडली. संध्याकाळी तिनं दौरेनपाशी तोंड उघडलं तेव्हा तो खरोखर गोंधळला. "अगं, मी पण आजोबांकडेच वाढलो की! माझं काय वाईट झालं?" त्याचं काही वाईट झालं नव्हतं. तो गुणी होता, मालट्रक चालवायचा, दारू पीत नव्हता. "दुसरं होईल," तो म्हणाला, "ते आपलंच." दुसरं राहिलं आणि गेलं. तिसरंही गेलं. पुढं पुढं कुणी विचारेनासंच झालं. उन्हाळ्यात दोघं गावी जायची, फाटकाशी बस थांबली की एक पोरगी कुल्याशबाईंच्या घेरामागून डोकं काढून ओरडायची, "वहिनी आली, वहिनी आली!" आणि शहरातली मिठाई घेऊन परत त्याच घेरामागं. तिला पुढं सगळं कळलं. अशा गोष्टी कळतातच, शाळेत कुणीतरी सांगतंच. कळल्यावर ती एकदा तोरगिनकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "वहिनी, मला शिंगं असलेलं रबर आणशील पुढच्या वेळी?" संपलं. तोरगिननं सगळं दुकान पालथं घातलं, असलं रबर कुठं मिळालं नाही.

तोरगिन चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून मान मोडायची, आणि घरी येऊन रिकाम्या खोलीचे पडदे धुवायची. ती खोली भरली मोल्दिर कॉलेजला अल्माटीत आली तेव्हा. बाई गं, ते वर्ष! सकाळी आंघोळीच्या दाराशी भांडण, सिंकमध्ये लांब केस, फ्रिजवर चिकटवलेले निरोप, "वहिनी, माझं दही खाऊ नकोस." रोज सकाळी पोरगी फोन लावून "आई, जेवलीस का?" करायची, गावाला. तोरगिन बाजूला उभी राहून पावाला लोणी लावायची आणि ऐकायची. तेही तिला चालत होतं. तिनं मनाशी ठरवलं होतं, घाई करायची नाही. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं एका छपराखाली राहिल्यावर दगडालाही कळतं. आणि खरंच, एकदा तिनं पोरीच्या गळ्याला मफलर गुंडाळला तेव्हा मोल्दिर म्हणालीसुद्धा, "किती करतेस गं वहिनी! अगदी आईसारखी." तोरगिन हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. सुखानं की कशानं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग तो ताप. साधा ताप, थंडीत सगळ्यांना येतो तसा. मोल्दिर दूध घातलेला चहा घेऊन टेबलाशी बसली होती, बोलता बोलता तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, वाटी पडली, आणि डोळे पांढरे व्हायच्या आत ती ओरडली, "आई!" तोरगिन धावली. धावताना, त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात धावताना, तिला पक्कं ठाऊक होतं की ही हाक आपल्याला नाही. तरी धावली. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी शिकवलेलं आठवून तिला कुशीवर वळवलं, आणि ते अंग तिच्या हातात झटके खात राहिलं, थांबेचना. रुग्णवाहिकेतही थांबलं नाही. इंजेक्शन दिलं, थांबलं नाही.

तेव्हापासून ते थांबलेलं नव्हतं. बाहेरून बघितलं तर मोल्दिर शांत झोपलेली. ती झोप औषधाची होती. डॉक्टरांनी भूल देऊन तिचा मेंदू बळंच निजवला होता, आणि भूल जरा उतरवली की पडद्यावरच्या रेघा खवळून उठायच्या, ओठाचा कोपरा फडफडायला लागायचा. पुन्हा भूल. एक औषध झालं, दुसरं झालं, नावंही लक्षात राहिनात. मणक्यातलं पाणी तपासलं, रक्त धुतलं, कारण सापडलं नाही. बर्फ वितळला, पुन्हा पडला. दौरेन ट्रकच्या खेपा टाकून यायचा, काचेतून बहिणीकडे, म्हणजे लेकीकडे बघायचा आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढायचा. त्यानं सिगरेट आत्ताच सुरू केली होती.

वहिनी म्हणून रोज खालीच बसणाऱ्या तोरगिनला एके दिवशी डॉक्टर साउलेंनीच शोधून काढलं. साउले बारीक चणीच्या, कायम सर्दी झाल्यासारखा आवाज. "घरच्या सगळ्यांशी बोलायचंय," म्हणाल्या आणि तिला घेऊन वर गेल्या. कुल्याशबाई आधीच खुर्चीत बसल्या होत्या, थर्मास मांडीवर. साउलेंनी आडपडदा ठेवला नाही. औषधं संपली होती. जितके दिवस हा मेंदू असा पेटत राहील तितका तो जळत जाईल, आणि जितके दिवस भूल चालेल तितकं बाकीचं शरीर खचत जाईल. एक वाट होती. डोक्याच्या हाडाला दोन बारीक छिद्रं, त्यातून दोन तारा मेंदूच्या पार गाभ्यात, कातडीखालून गळ्यातून खाली आणून गळपट्टीच्या हाडाजवळ एक छोटं यंत्र. त्यातून सारखी थोडी थोडी वीज जात राहणार.

"म्हणजे बरी होईल?" तोरगिननं विचारलं.

"नाही सांगता येणार. अशा झटक्यांसाठी हे जगात फार थोड्यांना केलंय. काहींचे थांबले. काहींचे नाही." साउलेंनी नाक पुसलं. "आजार जाणार नाही त्यानं. उधळलेल्या घोड्याला लगाम घालतात ना, तेवढंच. आणि जागी झाली तर कशी जागी होईल, तेही सांगता येणार नाही."

"नको," कुल्याशबाई म्हणाल्या.

"अपा—" थोरल्या बाईला म्हणतात तसं साउले म्हणाल्या.

"नको म्हटलं ना. डोक्याला भोकं पाडून आत तारा घालणार? रेडिओ आहे का तो? माझ्या पोरीच्या टाळूवर मी कधी टोपीशिवाय वारा लागू दिला नाही. ती उठेल आपली आपण. मी दुवा मागतेय. तुम्ही झोपेचं औषध तेवढं बंद करा."

"बंद केलं तर ती जाईल हो," साउले हळू आवाजात म्हणाल्या. "आईची परवानगी लागेल आम्हाला."

तोरगिननं कुल्याशबाईंकडे बघितलं. तिला आठवेना की या बाईला आपण आयुष्यात कधी उलटं बोललोय. सून म्हणून उंबऱ्यात वाकली ती वाकलीच होती. सासूच्या आधी घास घेतला नाही, सासूच्या पुढून गेली नाही, लेकरू नेलं तेव्हा चहा ओतला. आणि आज तोंडातून भलताच कर्कश आवाज आला.

"परवानगी आहे. मी देते. मी जन्म दिलाय तिला."

कुल्याशबाईंनी वळून बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तू दिलास," त्या म्हणाल्या. "मग?"

"मग मला ती हवीय, अपा. जिवंत हवीय. तुम्ही झग्यातून काढलीत, सगळ्या हसल्या, मीही हसले. पण फाटले होते मी, मी! मला विचारलं होतं का कुणी? दौरेनला नाही, तुम्हाला नाही, कुणाला वाटलं नाही विचारावं. आता मी विचारत नाही. पाडा भोकं. घाला तारा. मेली तरी माझ्या हातानं मरू दे एकदा!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. साउले खिडकीबाहेर बघत होत्या. कुल्याशबाईंनी थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला नाही, झाकण परत लावलं. मग उठल्या. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला, तोरगिन सवयीनं आधार द्यायला पुढं झाली आणि थबकली.

"बरं," कुल्याशबाई म्हणाल्या. "दिली. पण अर्धी नाही देत मी. आजपासून तुझी. गेली तर तू पुरायचीस, उठली तर तू आई. माझा हक्क नाही. दोन जिभा नाहीत मला."

दोन तारा आत गेल्या. दोन आठवडे काही झालं नाही. साउले रोज यायच्या, मोल्दिरच्या गळ्याखालच्या उंचवट्यावर एक चकती टेकवायच्या आणि हातातल्या टॅबवर आकडे कमीजास्त करायच्या. तोरगिन आता आई म्हणून आत बसायची. नर्सा "आई, जरा सरका" म्हणायच्या आणि दर वेळी ती दचकून मागं बघायची, कुल्याशबाई आल्या की काय म्हणून. त्या येत नव्हत्या. खाली त्याच बाकावर बसायच्या, गेटवरच्या वॉचमनला चहा द्यायच्या आणि वर काय चाललंय ते विचारायच्या नाहीत. तोरगिन खाली उतरून सांगायची, "आज ओठ हलला नाही, अपा." "असं का," त्या म्हणायच्या. "बरंय." शब्द दिला तो पाळत होत्या, आणि ते पाळणं बघवत नव्हतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं तोरगिनला. वाटलं नाही. मुंडण केलेल्या, टाके घातलेल्या त्या डोक्याशी बसून ती हलकेच म्हणून बघायची, "मोल्दिर, मी आई." मग लाजायची. कुणाचं तरी नाव चोरून वापरावं तशी लाज.

आणि मग रेघा खरोखर निवायला लागल्या. एकदम नाही. आधी झटक्यांमधलं अंतर वाढलं, मग भूल थोडी उतरवली तरी पडदा खवळला नाही, मग आणखी थोडी. साउलेंच्या सर्दीच्या आवाजात पहिल्यांदा हसू ऐकू आलं. दौरेननं फोनवर "हं" एवढंच म्हटलं आणि फोन तसाच चालू ठेवून तो रडला. ट्रकचं इंजिन धडधडत होतं, त्यातूनही ऐकू आलं. मोल्दिरनं डोळे उघडले त्या दिवशी खिडकीत ऊन होतं. तिनं छताकडे बघितलं, नळीकडे बघितलं, तोरगिनकडे बघितलं. सगळ्यांकडे सारखंच बघितलं.

बोलायला लागली तेव्हा कळलं. तिला चमचा कळत होता, बर्फ कळत होता, बाराचा पाढासुद्धा आला. माणूस एकही कळत नव्हता. कॉलेज नाही, गाव नाही, स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा तिनं ते आवडीनं म्हणून बघितलं, नवा बूट घालून बघावा तसं. "इतके दिवस पेटलेला होता मेंदू," साउले म्हणाल्या. "काही परत येईल, बरंच नाही येणार. हळूहळू सांगा तिला. मात्र एक लक्षात ठेवा, तुम्ही जे सांगाल तेच आता तिचं होणार आहे. जपून सांगा."

तोरगिन त्या दिवशी घरी न जाता दवाखान्याभोवती चालत राहिली. जपून सांगा! पोर वाचली म्हणून आनंद मानावा, तर वाचलेली पोर कोण होती? सकाळी फोन लावणारी, रबर मागणारी, दही लपवणारी, ती गेली होती. तिला कुणी पुरलंही नाही. आणि या सगळ्या राखेवर उभं राहून तोरगिनच्या मनात एक नीच, भुकेली गोष्ट सारखी डोकं वर काढत होती: आता सांगता येईल. आता मधे कुणी नाही. तिनं स्वतःला शिव्या घातल्या, आणि तरी ती भूक गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कुल्याशबाईंना हाताला धरून वर घेऊन गेली. "मी कशाला," त्या म्हणत होत्या, पण आल्या. दाराशीच एका स्टुलावर टेकल्या, रुमाल सारखा करत. मोल्दिर उशीला टेकून बसली होती. डोक्यावर कोवळे केस उगवले होते.

"तू रोज येतेस," ती तोरगिनला म्हणाली. "तू कोण?"

तोरगिननं दाराकडे बघितलं. म्हातारीनं नजर जमिनीवर ठेवली होती.

"मी तुझी आई," तोरगिन म्हणाली.

"आई," मोल्दिर म्हणाली. शहाण्या मुलीसारखी, विसरू नये म्हणून परत एकदा, "आई." एवढ्या वर्षांनी आलेला तो शब्द तोरगिनच्या कानावर पडला आणि नुसता पडून राहिला. "आणि त्या?"

"मी आजी," कुल्याशबाईच बोलल्या. आवाजात कसली खळखळ नाही, काही नाही. "गावाकडची."

मोल्दिरनं हसून मान हलवली. मग तोरगिनकडे वळली, डोळ्यांत एकदम लहान मुलाची उत्सुकता. "आई, मी लहानपणी कशी होते गं? सांग ना काहीतरी."

तोरगिननं तोंड उघडलं. फाटकाशी थांबलेली बस होती तिच्याकडे. मिठाईचा पुडा होता. उन्हाळ्यातले थोडे दिवस होते, पाहुणी म्हणून बसलेले. पहिला दात कधी पडला, कशाला घाबरायची, कुठं पडली, काय खाऊन पोट बिघडवलं, कुठल्या आजारात रात्र काढली, तिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आई होण्यासाठी जे लागतं ते सगळं दाराशी स्टुलावर बसलं होतं. पोरगी वाट बघत होती.

"फार हट्टी होतीस," दाराकडून आवाज आला. कुल्याशबाईंनी मान वर केली होती, पण बघत होत्या त्या तोरगिनकडे. "एकदा तुझा घसा सुजला होता. श्वास घेता येत नव्हता. नदीला पूर, पूल वाहून गेलेला, डॉक्टर पलीकडच्या गावात. तुझ्या आईनं काय केलं माहितेय? तुला कोटाच्या आत पोटाशी बांधलं आणि घोडा घातला पाण्यात. मध्यावर गेल्यावर घोडा अडला. पाणी हिच्या मांड्यांपर्यंत. आम्ही काठावरून ओरडतोय, मागं फिर, मागं फिर. ही कुठली ऐकतेय! तू झोपू नयेस म्हणून मोठमोठ्यानं गात होती, आणि घोड्याला शिव्या देत होती, गाणं नि शिव्या एकाच चालीत."

तोरगिन आयुष्यात कधी घोड्यावर बसली नव्हती.

मोल्दिर तिच्याकडे बघत होती. जागी झाल्यापासून पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाकडे बघितलं नव्हतं तसं. "खरंच, आई? काय गात होतीस?"

तोरगिनच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"तिला नसेल आठवत," कुल्याशबाई म्हणाल्या. "घाबरली होती ना फार. लेकरू हातचं जातंय म्हणून."

मोल्दिरनं हात पुढं करून तोरगिनचा हात घट्ट धरला आणि दाराकडे वळून म्हणाली, "आजी, अजून सांगा ना. आईचं."